रोजचे तेवीस मेसेज आणि त्यात हरवलेला एक

पार्श्वभूमी

या प्रकरणातल्या बाई निवृत्त शिक्षिका, वय ६४. एकट्या राहतात. फोनचं काही अडलं तर शनिवार-रविवारी येणारा भाचा बघतो. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, घटनाक्रम तोच ठेवला आहे.

फोन साधा अँड्रॉइड, दोन सिमचा. पहिल्या सिमचा क्रमांक चौदा वर्षं जुना. पेन्शनचं खातं, आधार, गॅस, विमा, सगळं त्याच क्रमांकाला जोडलेलं. दुसरं सिम फक्त भाडेकरूशी बोलण्यापुरतं. चौदा वर्षांत पहिला क्रमांक कुठे कुठे दिला गेला याची मोजदाद नाही: कपड्यांच्या दुकानाचं बिल, औषधांचं दुकान, चष्मा, प्रदर्शनातली लकी ड्रॉची चिठ्ठी, दोन-तीन खरेदीची ॲप्स.

"मी डीएनडी लावलंय, तरी येतात," असं बाई ठामपणे सांगत. प्रत्यक्षात त्यांनी फोनवरचं चंद्रकोरीचं बटण दाबलं होतं. ते फोनचं स्वतःचं ‘डू नॉट डिस्टर्ब’. त्याने फक्त आवाज बंद होतो, मेसेज यायचे तसे येतच राहतात. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नियमांखालची डीएनडी नोंदणी वेगळी. ती मोबाइल कंपनीकडे क्रमांकाच्या नावावर होते. नाव एकच असल्यामुळे हा घोटाळा फार लोकांचा होतो. बाईंचं यात दुहेरी नुकसान होत होतं. जाहिराती थांबल्या नव्हत्याच, शिवाय चंद्रकोर रात्रंदिवस चालू राहिल्यामुळे कामाचे फोनही कळत नव्हते.

अडचण कशी उघड झाली

एका सोमवारी एटीएमने पैसे दिले नाहीत. पेन्शन जमा झाली होती, पण खात्यातून रक्कम निघेना. खातं जुनं, केवायसीची, म्हणजे ग्राहकाच्या ओळखपडताळणीची, मुदत संपलेली, त्यामुळे बँकेने पैसे काढणं थांबवलं होतं. कमी जोखमीच्या ग्राहकांनाही दर १० वर्षांनी केवायसी अद्ययावत करावी लागते, आणि बँकेने तसं दोनदा एसएमएसने कळवलंही होतं. बाईंनी दोन्ही मेसेज पाहिले आणि सोडून दिले. पुढे शाखेत त्या म्हणाल्या, "अहो, त्या मजकुराचे तर रोज येतात. त्यातला तुमचा कोणता, हे मी कसं ओळखायचं?"

रास्त प्रश्न. कचऱ्याचा उपद्रव नुसता कटकटीचा नसतो. खोट्या मेसेजला माणूस फसतो ही एक बाजू. खऱ्यावरचा त्याचा विश्वास उडतो ही दुसरी, आणि तिच्याकडे कोणी फारसं बघत नाही.

शाखेत जाण्याच्या आदल्या संध्याकाळी मात्र प्रकरण हाताबाहेर जाता जाता राहिलं. एटीएमवरून घरी आल्यावर बाईंनी इनबॉक्स उघडला, ‘केवायसी’ शोधलं आणि सगळ्यांत वरचा मेसेज उघडला. तो दहा अंकी मोबाइल क्रमांकावरून आलेला होता: "आज रात्री खातं बंद होईल, या अधिकाऱ्याशी संपर्क करा." त्यांनी फोन लावला. पलीकडच्याने गोड बोलून जन्मतारीख आणि डेबिट कार्डाचे शेवटचे चार अंक विचारून घेतले आणि व्हॉट्सॲपवर एक फाइल पाठवली. फाइलच्या नावात बँकेचं नाव, पुढे केवायसी आणि शेवटी डॉट एपीके, म्हणजे थेट ॲप बसवणारी फाइल.

बाईंनी फाइलवर बोट ठेवलं. या स्रोतावरून अज्ञात ॲप इन्स्टॉल करता येणार नाही, अशी फोनने आडकाठी केली. पलीकडचा सेटिंगमध्ये जाऊन परवानगी द्यायला सांगू लागला. बाईंना ते पान सापडेना. "थांबा, उद्या भाच्याकडून करून घेते," म्हणून त्यांनी फोन ठेवला. पैसे वाचले ते सावधपणामुळे नव्हे, सेटिंग न सापडल्यामुळे. असली एपीके फाइल एकदा बसली की ती एसएमएस वाचण्याची परवानगी मागते आणि बँकेचे ओटीपी गुपचूप दुसरीकडे पाठवते. त्यानंतर चोराला तुम्हाला काही विचारावंही लागत नाही.

पहिल्याच रात्रीचा निर्णय: कार्ड बंद करायचं का

भाच्याला रात्री फोन गेला. ॲप बसलेलं नव्हतं, पैसे गेलेले नव्हते. चार अंक आणि जन्मतारीख एवढ्यावर कार्डातून पैसे काढता येत नाहीत, त्यामुळे कार्ड बंद करणं अती वाटत होतं. तरी त्यांनी कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर फोन करून ते बंद करायला लावलं आणि नवं मागवलं. कारण सरळ होतं: बाईंनी आणखी काय सांगितलं हे त्यांना नक्की आठवत नव्हतं. आठवत नसेल तेव्हा जास्तीत जास्त सांगितलंय असं धरून चालावं. नवं कार्ड यायला आठवडा लागला, त्याने बिघडलं काहीच नाही.

१९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन केला नाही. तो पैसे गेल्यावर तातडीने करायचा असतो. त्याऐवजी संचार साथी या सरकारी संकेतस्थळाच्या ‘चक्षू’ या सुविधेवर त्या मेसेजची आणि क्रमांकाची माहिती स्क्रीनशॉटसह दिली. ही सोय मार्च २०२४ पासून आहे. फसवणुकीचा प्रयत्न झाला पण नुकसान झालं नाही, अशांसाठी ती आहे, आणि प्रयत्न ३० दिवसांच्या आतला असावा लागतो.

आधी मोजणी

भाचा शनिवारी आला तो हौसेने ब्लॉक करायला बसला. याआधी अनेक शनिवार त्याने तेच केलं होतं; ब्लॉक यादीत ६४ नावं होती. फरक शून्य. या वेळी ठरलं की आठवडाभर काहीही पुसायचं नाही, ब्लॉक करायचं नाही, नुसतं मोजायचं.

काही मेसेजवर क्रमांकाऐवजी पाठवणाऱ्याचं इंग्रजी अक्षरांतलं नाव दिसतं, त्याला हेडर म्हणतात. अशा हेडरवाल्या मेसेजमध्ये आता त्या नावाच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असतं: पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी. वहीत त्याच अक्षरांचे रकाने पाडले. सात दिवसांत १६१ मेसेज आले, म्हणजे दिवसाला २३. पी ५८, एस ४१, टी १४, जी ६, दहा अंकी क्रमांकांवरून १९, आणि इंटरनेटवरून, म्हणजे व्हॉट्सॲप आणि आरसीएसवरून (फोनच्या मेसेज ॲपमधलं इंटरनेटवरचं चॅट), २३.

या वहीने दोन गोष्टी दाखवल्या. पी-वाल्या ५८ पैकी ३१ मेसेज फक्त चार जणांचे होते, आणि चौघांनाही क्रमांक बाईंनी स्वतः दिलेला होता. दुसरं असं की त्रास सगळ्यांत जास्त पी-वाल्यांचा, पण धोका जवळजवळ सगळा त्या १९ मध्ये. त्यातले ८ ‘केवायसी’चे होते.

ब्लॉक केलं तरी का येत होतं

हेडरच्या आधी दोन इंग्रजी अक्षरं असतात. पहिलं अक्षर मेसेज ज्या मोबाइल कंपनीतून निघाला तिचं, दुसरं परिमंडळाचं, म्हणजे दूरसंचार विभागाचं. एकच दुकान आज एका कंपनीमार्फत पाठवतं, उद्या दुसऱ्या. मधलं नाव तेच, पण पुढची अक्षरं बदलली की फोनच्या लेखी तो नवा पाठवणारा. भाच्याने ब्लॉक केलेल्या ६४ नावांत प्रत्यक्षात १९ च कंपन्या निघाल्या. एकीचं नाव सात वेषांत होतं.

याच युक्तीने उलटं नुकसानही केलं होतं. कर्जाच्या जाहिरातीला वैतागून भाच्याने कधीतरी बँकेचं एक नाव ब्लॉक केलं होतं, तेव्हा शेवटची अक्षरं यायची नाहीत. त्यामुळे बँकेचे काही मेसेज दिसत, काही दिसत नसत. पूर्ण बंद झाले असते तर कुणाच्या तरी लक्षात आलं असतं. अर्धे येत राहिल्यामुळे वर्षभर संशयच आला नाही.

कोणते पर्याय पाहिले

नंबर बदलणं ही बाईंची पहिली मागणी. ती टाळली. जुना क्रमांक बंद केल्यावर किमान ९० दिवसांनी तो दुसऱ्या कुणाला दिला जाऊ शकतो. जिथे तो जोडलेला राहून गेला असेल तिथले ओटीपी मग त्या परक्या माणसाकडे जातात. चौदा वर्षांच्या जोडण्या एकही न विसरता सोडवणं अवघड, आणि नवा मिळणारा क्रमांकही कुणाचा तरी जुनाच असू शकतो, त्याच्या उधाऱ्यांच्या तगाद्यांसकट.

स्पॅम अडवणारं वेगळं ॲप हा भाच्याचा आग्रह. असं ॲप एसएमएस वाचण्याची आणि बहुधा संपर्कयादीचीही परवानगी मागतं. ज्या परवानगीसाठी एपीकेवाल्याने एवढा आटापिटा केला ती आपणहून आणखी एकाला द्यायची गरज वाटली नाही. फोनच्या मेसेज ॲपमध्ये स्पॅम संरक्षण असतंच, ते बंद पडलेलं होतं.

अनोळखी सगळंच अडवायचं म्हटलं तर बँकही अनोळखीच ठरते. ‘स्टॉप’ असं उत्तर पाठवण्याचंही बोलणं झालं. हेडरवाल्या मेसेजला उत्तर जात नाही; दहा अंकीवाल्याला गेलं तर क्रमांक जिवंत आहे आणि वाचणारं माणूस आहे एवढंच त्याला कळतं.

शेवटी ठरलं की एकच औषध सगळ्यांना लावायचं नाही. वहीतल्या प्रत्येक रकान्याला त्याचा वेगळा उपाय.

काय केलं

डीएनडी नोंदणी. १९०९ वर ‘स्टार्ट’ आणि मोकळी जागा सोडून शून्य, असा इंग्रजीत एसएमएस पाठवला की जाहिरातींचे सगळे वर्ग बंद होतात. त्याच क्रमांकावर फोन करूनही होतं, मोबाइल कंपनीच्या ॲपमधूनही. हवं तर बँकिंग, घरबांधणी, शिक्षण, आरोग्य, पर्यटन असे वर्ग वेगवेगळे उघडे ठेवता येतात. बाईंना औषधांच्या दुकानाच्या सवलती हव्या होत्या म्हणून आरोग्य उघडं ठेवायचा विचार झाला. पण एक वर्ग उघडला की तो त्या वर्गातल्या प्रत्येकाला उघडा होतो, एकट्या ओळखीच्या दुकानाला नव्हे. म्हणून सरसकट बंद केलं. ओटीपी, खात्याचे व्यवहार आणि सरकारी सूचना याने थांबत नाहीत; त्या थांबतील ही भीती अनेकांना उगाच असते.

इथे एक चूक झाली. फोनमध्ये एसएमएससाठी दुसरं सिम निवडलेलं होतं. पोचपावती आली, सगळे निश्चिंत झाले, आणि दहा दिवस जाहिराती तशाच. नोंदणी भाडेकरूशी बोलण्याच्या दुसऱ्या क्रमांकाची झाली होती. कंपनीच्या ॲपमध्ये क्रमांक टाकून पसंती पाहिल्यावर उलगडा झाला. दोन सिमच्या फोनवरून पाठवताना मेसेजच्या खिडकीत सिमचा आकडा बघूनच पाठवायचं, आणि पोचपावतीतला क्रमांक वाचायचा.

संमती मागे घेणं. ज्याला आपण संमती दिली त्याला डीएनडी अडवत नाही. त्या चार दुकानांचे ३१ मेसेज यात मोडत होते. दोघांच्या मेसेजमध्ये नको म्हणण्याची सोय होती, ती वापरली. ॲपवाल्याचं त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन बंद केलं. कपड्यांच्या दुकानात बाई स्वतः गेल्या आणि नोंद काढायला लावली. नकार नोंदवल्यावर ९० दिवस पुन्हा संमती मागता येत नाही. बिलासाठी मोबाइल क्रमांकाची सक्ती करू नये असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये विक्रेत्यांना सांगितलेलं आहे. "नंबर देत नाही, बिल द्या" हे वाक्य बाईंनी आता पाठ केलं आहे.

तक्रारी. १९०९ वरच किंवा ट्रायच्या डीएनडी ॲपमधून. मेसेजचा मजकूर, पाठवणाऱ्याचं पूर्ण नाव किंवा क्रमांक आणि तारीख, या तीन गोष्टी लागतात. ट्रायच्या नियमांतल्या फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीपासून मेसेज आल्यावर ७ दिवसांत तक्रार करता येते, आधी ही मुदत ३ दिवसांची होती. शनिवारी येणाऱ्या भाच्यासाठी हा फरक मोठा. दहा अंकी क्रमांकाविरुद्ध तक्रारीला आपली डीएनडी नोंदणी असण्याची अटही आता उरलेली नाही.

महिन्यात ११ तक्रारी केल्या, ४ फेटाळल्या गेल्या. दोनदा मुदत उलटली होती. एकदा पाठवणाऱ्याने संमतीची नोंद दाखवली, ती लकी ड्रॉच्या चिठ्ठीवरची असावी. एकदा भाच्याने हेडर अर्धवट लिहिला होता. उरलेल्यांचं काय झालं ते प्रत्येक वेळी डोळ्यांना दिसलं नाही, म्हणून बाईंना ही मेहनत फुकट वाटू लागली होती. पण नोंदणी नसलेल्या पाठवणाऱ्याविरुद्ध १० दिवसांत ५ वेगवेगळ्या लोकांच्या तक्रारी आल्या की कारवाई सुरू व्हायला हवी, असा नियम आहे. पहिल्या वेळी त्याची बाहेर जाणारी सेवा १५ दिवस बंद, पुन्हा सापडला तर सगळी जोडणी एका वर्षासाठी तोडली जाते. पाचातली एक तक्रार बाईंची. त्यांनी एकटीने पाच करून उपयोग नाही.

इंटरनेटवरून येणारे. यांना डीएनडी लागूच होत नाही. मेसेज ॲपच्या सेटिंगमध्ये आरसीएस चॅट बंद केलं. बाई ते वापरतच नव्हत्या. व्हॉट्सॲपवर नको त्या खात्यांना रिपोर्ट आणि ब्लॉक केलं. रिपोर्ट करताना त्या चॅटमधले शेवटचे पाच मेसेज व्हॉट्सॲपकडे जातात, त्यात आपलं काही खाजगी नाही हे आधी पाहिलं.

फोनमध्ये. स्पॅम संरक्षण चालू केलं, चंद्रकोर बंद केली आणि ब्लॉक यादी पूर्ण रिकामी केली. शेवटच्या गोष्टीला भाचा नाखूश होता, पण बँक त्याशिवाय सुटत नव्हती. ‘स्पॅम आणि ब्लॉक केलेले’ हा कप्पा दर शनिवारी उघडून बघायचा. पहिल्याच शनिवारी त्यात विम्याच्या हप्त्याची खरी आठवण सापडली.

खरा-खोटा ओळखण्याची पद्धत. फोनच्या कव्हरमध्ये बाईंच्याच अक्षरातली चिठ्ठी ठेवली: दहा अंकी नंबरावरून बँक, वीज, सरकार यांचं काही आलं तर खोटं समजायचं. हेडरवाल्या मेसेजमधली लिंक १ ऑक्टोबर २०२४ पासून आधी नोंदवलेली असावी लागते, नाहीतर मोबाइल कंपनी तो मेसेज पुढे जाऊ देत नाही. दहा अंकी क्रमांकावरून आलेल्या लिंकला अशी कोणतीही चाळणी नाही. हेडर कुणाच्या नावावर आहे हे ट्रायच्या संकेतस्थळावर शोधता येतं. पण नोंदवलेल्या हेडरचाही गैरवापर होऊ शकतो, म्हणून चिठ्ठीची दुसरी ओळ अशी: मेसेजमधल्या नंबरावर फोन करायचा नाही, पासबुकावरच्या नंबरावर करायचा.

परिणाम

सहा आठवड्यांनी पुन्हा सात दिवस मोजले. एकूण ४९: पी ३, एस १८, टी १३, जी ५, दहा अंकी ६, इंटरनेटवरचे ४. केवायसी शाखेत जाऊन पूर्ण झाली, खातं तिसऱ्या दिवशी मोकळं झालं.

दहा अंकीवाले १९ चे ६ झाले यात आपल्या उपायांचा वाटा किती हे सांगता येणार नाही. ही मंडळी दर वेळी नवं सिम वापरतात. पुढच्या आठवड्यात पुन्हा वाढले तरी नवल नाही. एसमधले काही अजून खटकतात: "तुमचे गुण संपत आहेत, आजच खरेदी करा" ही सेवा कशी? सेवेच्या नावाखाली जाहिरात पाठवणं नियमात बसत नाही, त्यामुळे अशा दोघांविरुद्ध स्वतंत्र तक्रार केली आहे.

काय वेगळं करता आलं असतं

मोजणी पहिल्याच वर्षी व्हायला हवी होती. एक वही आणि सात दिवस एवढाच खर्च, पण ब्लॉक करण्यात हातांना काम मिळतं आणि मोजण्यात नाही, म्हणून सगळे तिथेच रमतात. भाच्याने जुने मेसेज पुसले नसते तर तक्रारीला पुरावा तयार होता.

एटीएम अडल्यावर इनबॉक्स उघडण्याऐवजी थेट बँकेला विचारायला हवं होतं, हे बाईंना मान्य आहे. पण रात्री शाखा बंद असते आणि इनबॉक्स उघडा असतो. बँकेचा क्रमांक संपर्कयादीत आधीच साठवलेला असता तर त्या संध्याकाळी हात तिकडे गेला असता. आता तो साठवला आहे, भाच्याच्या नावाच्या लगेच खाली.

दुकानांसाठी दुसऱ्या सिमचा क्रमांक वापरायची कल्पना उशिरा सुचली. त्या क्रमांकावर चुकून झालेली डीएनडी नोंदणी काढलेली नाही. तिथे भाडेकरूखेरीज कुणाचा मेसेज येत नाही, आणि तोही महिन्यातून एकदाच, भाड्याला दोन दिवस उशीर होईल म्हणून.